पेलेट शेगडी : आधी इंधन तपासा, मग मशीन

या महिन्यात अमेरिका-युरोपातले वाचक घर गरम करणाऱ्या पेलेट स्टोव्हबद्दल (पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) विचारतात, आणि महाराष्ट्रातले खानावळ व डेअरी चालवणारे पेलेटच्या भट्टीबद्दल. यंत्रे वेगळी आहेत, पण बहुतेक तक्रारींचे मूळ एकच निघाले : राख हवेची वाट अडवते.

गेल्या हिवाळ्यात आमचा पेलेट स्टोव्ह उत्तम चालला. यंदा दुसऱ्या ब्रँडची टनभर पेलेट घेतली. आता काच दिवसभरात काळी होते, ज्योत लांबट, नारिंगी आणि सुस्त दिसते, आणि रोज सकाळी बर्न पॉटमध्ये, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्यात, कडक ढेप सापडते. ब्लोअर बदलावा लागेल असे मेकॅनिक म्हणतो. बदलावा का? (नॅशुआ, न्यू हॅम्पशायर)

इतक्यात नको. स्टोव्ह पूर्ण थंड करून नीट साफ करा, गेल्या वर्षीच्या ब्रँडच्या दोन पिशव्या मिळवा आणि त्याच सेटिंगवर जाळा. ज्योत पुन्हा आखूड, पिवळी-पांढरी, चपळ झाली तर दोष इंधनात आहे. सुस्तच राहिली तर हवेच्या वाटेत.

असे का होते ते समजून घ्या. बर्न पॉटच्या तळाला आणि बाजूंना भोके असतात. धूर बाहेर फेकणारा ब्लोअर त्या भोकांतून हवा ओढतो. राखेने भोके बुजली की हवा कमी होते, पण ऑगरला, म्हणजे पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूला, याची खबर नसते. तो ठरल्या वेगाने पेलेट टाकतच राहतो. जळण तेवढेच आणि हवा कमी, म्हणून ज्योत लांबते, धूर होतो आणि काजळी काचेवर बसते. काचेवर करडा-तपकिरी पातळ थर येणे साहजिक आहे, तो फडक्याने निघतो. काळा, तेलकट थर मात्र हवा कमी पडत असल्याची खूण आहे.

आता ती ढेप हातात घेऊन पाहा. काळी असेल आणि बोटांनी कुस्करली जात असेल, तर तो अर्धवट जळलेला कोळसा आहे : जळण जास्त पडते आहे किंवा हवा कमी आहे. वजनदार, काचेसारखी, पोकळ्यांनी भरलेली आणि सळईनेच तुटणारी असेल, तर तो क्लिंकर आहे : राख वितळून पुन्हा गोठली आहे. बर्न पॉटमध्ये काही ठिकाणी तापमान हजार-बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत जाते. राखेत वाळूची सिलिका आणि सोबत पोटॅशियम किंवा सोडियम असेल, तर दोघांचे मिश्रण त्याहून बऱ्याच कमी तापमानाला मऊ पडते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उलटे काम करतात, वितळण्याचे तापमान वर नेतात. स्वच्छ लाकडाच्या गाभ्यात राख साधारण 0.3 ते 0.5 टक्के असते, सालीत 3 ते 5 टक्के किंवा त्याहून जास्त. शिवाय जंगलात ओंडके फरफटत ओढताना सालीला माती चिकटते. म्हणून साल न काढलेल्या लाकडाची पेलेट दुहेरी त्रास देतात : राख जास्त, आणि तीही वितळणारी.

साफसफाई या क्रमाने करा. बर्न पॉट बाहेर काढा, क्लिंकर खरवडा, प्रत्येक भोक योग्य मापाच्या ड्रिल बिटने हाताने फिरवून मोकळे करा. पॉटखालच्या कप्प्यातली राख काढा. बरेच जण नेमका हाच कप्पा विसरतात. पेलेट पेटवणाऱ्या इग्नायटरच्या नळीचे तोंड पाहा. तिथे राख बसली की पेटायला वेळ लागतो आणि इग्नायटर लवकर जळतो. मग खोलीची हवा तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्या, मागच्या पत्र्याआडचे राखेचे कप्पे, ब्लोअरची पाती आणि शेवटी धुराच्या पाइपाचा टी-आकाराचा जोड. आडव्या पाइपात उडती राख सगळ्यात जास्त साठते.

एवढे करूनही ज्योत सुधारली नाही, तर दाराच्या कडेची हवाबंद दोरी तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून हवा आत शिरते आणि बर्न पॉटमधून जायची तेवढी हवा कमी होते. हवेची ओढ तपासणाऱ्या व्हॅक्यूम स्विचची रबरी नळी राखेने चोंदली आहे का, तेही पाहा. हे सगळे निर्दोष निघाले, तरच ब्लोअरकडे वळा.

इथे पिशवीवर ‘ईएनप्लस ए1’ लिहिलेले असते, अमेरिकेतल्या माझ्या भावाकडे ‘पीएफआय प्रीमियम’. दोन्ही सारखेच का? आणि 0.7 टक्के आणि 1 टक्का राख यात खरेच फरक पडतो का? (म्युनिक)

सारखे नाहीत, पण जवळचे आहेत. ईएनप्लस हा युरोपातला दर्जा, पीएफआय ही अमेरिकेतली पेलेट उद्योगाची संस्था. ईएनप्लस ए1 साठी राख जास्तीत जास्त 0.7 टक्के, ओलावा 10 टक्के, टिकाऊपणा (हाताळताना न भुगा होता टिकणारा भाग) किमान 98 टक्के, पिशवीतला चुरा 0.5 टक्क्यांच्या आत. ए2 ला राख 1.2 टक्क्यांपर्यंत चालते. पीएफआय प्रीमियममध्ये राखेची मर्यादा 1 टक्का, ओलाव्याची 8 टक्के आणि चुऱ्याची 0.5 टक्का. त्याच संस्थेच्या ‘स्टँडर्ड’ दर्जाला 2 टक्के राख चालते. ‘युटिलिटी’ दर्जाला 6 टक्के चालते, आणि तो दर्जा घरातल्या स्टोव्हसाठी घेऊच नये.

राखेचा हिशेब वजनात करा म्हणजे फरक दिसतो. अमेरिकन टन म्हणजे 40 पौंडांच्या 50 पिशव्या, 907 किलो. अर्ध्या टक्क्याने साडेचार किलो राख, एका टक्क्याने नऊ, दोन टक्क्यांनी अठरा. उष्णतेचे नुकसान यात फारसे नाही, कारण राखेने जागा घेतल्याने लाकूड फक्त अर्धा-एक टक्काच कमी झालेले असते. नुकसान होते ते भोके बुजून आणि एक्स्चेंजरवर थर बसून. थर बसला की उष्णता खोलीत येण्याऐवजी धुराबरोबर निघून जाते. म्हणून दोन टक्क्यांची पेलेट स्वस्त मिळाली, तर त्या बचतीतून रोजची दहा-पंधरा मिनिटे खरवडणे वजा करा आणि मग ठरवा.

युरोपीय मानकात एक आकडा असा आहे, ज्याकडे ग्राहक पाहत नाहीत आणि आमच्या मते तोच सगळ्यात उपयोगाचा : राखेचा आकार बदलायला लागण्याचे तापमान. ए1 साठी ते किमान 1200 अंश, ए2 साठी 1100 अंश लागते. राख कमी पण लवकर वितळणारी असेल, तर ती राख थोडी जास्त पण भुरभुरीत असण्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरते. भुरभुरीत राख ब्लोअर उडवून नेतो. क्लिंकर जागेवर बसतो आणि वाढतो.

छापील आकड्यावर विश्वास नसेल तर घरी पडताळा घ्या. स्टोव्ह पूर्ण साफ करून पाच पिशव्या जाळा, म्हणजे 90.7 किलो. मग पॉट, ट्रे आणि कप्प्यांतली सगळी राख गोळा करून तोला. 900 ग्रॅमच्या आसपास भरली तर एक टक्का. काही राख धुराबरोबर गेलेली असते आणि काही न जळलेला कोळसा राखेत मिसळलेला असतो, त्यामुळे हा आकडा प्रयोगशाळेचा नाही, पण दोन ब्रँडची तुलना करायला पुरेसा आहे.

आमच्या खानावळीत पेलेटच्या दोन भट्ट्या आहेत. पुरवठादार ‘लाकडी भुशाची पेलेट’ म्हणून देतो. दुपारपर्यंत जाळीवर दगडासारखा थर बसतो, ज्योत अर्धी होते, आणि ऐन जेवणाच्या वेळी भट्टी बंद करून फोडावी लागते. काय करावे? (सांगली)

लाकडी भुशाच्या पेलेटला सहसा इतका क्लिंकर येत नाही. त्यात शेतातला माल मिसळलेला असण्याची शक्यता दाट आहे : सोयाबीनचे कुटार, पऱ्हाट्या, तुराट्या, पाचट, शेंगांची टरफले किंवा भाताचे तूस. यातले कुठलेही जळण वाईट नाही, पण प्रत्येकाची राख वेगळी असते. भाताच्या तुसात राख 15 ते 20 टक्के आणि जवळजवळ सगळी सिलिका. पोटॅशियम कमी असल्याने ती एकटी जळली तर सहसा वितळत नाही, फक्त ढीग करते. पऱ्हाट्या आणि कुटारात पोटॅशियम भरपूर. ही दोन्ही एकत्र केली की सिलिका आणि पोटॅशियमची गाठ पडते, आणि ते मिश्रण 750-800 अंशांच्या आसपासच वितळू लागते. तुमच्या भट्टीत तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. वेगवेगळी जाळली असती तर निभावून गेली असती अशी दोन जळणे एकत्र येऊन थर बसवतात.

दुसरे कारण माती. खळ्यावरून गोळा केलेले कुटार आणि जमिनीवर साठवलेला भुसा माती घेऊनच येतो. ती किती आहे हे पाहायला एक किलो पेलेट दहा लिटर गरम पाण्यात टाका. अर्ध्या तासात विरघळून लगदा होईल. आता तांदूळ रोळतात तसे ढवळून वरचा गढूळ लगदा ओतून द्या, पुन्हा पाणी घाला, चार-पाच वेळा करा. बुडाशी जी वाळू-कच उरेल ती वाळवून तोला. 30 ग्रॅम निघाली तर किमान तीन टक्के बाहेरची माती. किमान अशासाठी की बारीक चिकणमाती पाण्याबरोबर वाहून गेलेली असते. हा प्रयोग पुरवठादारासमोर करा. वाद बहुधा तिथेच मिटतो.

माल बदलेपर्यंत भट्टी अशी चालवा. जाळीखालून येणारी हवा थोडी कमी करा आणि वरच्या कड्याच्या भोकांतून येणारी हवा पूर्ण ठेवा. खालच्या हवेने जाळीवरचा थर तापतो, ज्योत पूर्ण जळते ती वरच्या हवेने. खालची कमी केली की थर वितळण्याइतका तापत नाही. जळण एकदम भरू नका, थोडे थोडे टाका. दर दीड-दोन तासांनी, थर मऊ असतानाच, सळईने जाळी मोकळी करा. गोठल्यावर फोडायला गेलात तर जाळीच फुटते. तापलेल्या बिडाच्या जाळीवर पाणी मारू नका, तडा जातो. आणि भट्टी जरी धूर दाखवत नसली, तरी स्वयंपाकघरात धुराडे आणि खेळती हवा हवीच. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि जाळी तुंबलेली भट्टी तो भरपूर सोडते. घरातल्या स्टोव्हलाही हेच लागू : झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असावा.

पुरवठादाराच्या रिपोर्टवर 4,200 किलोकॅलरी आणि राख 4 टक्के लिहिले आहे. बॉयलरवर मात्र खप बराच जास्त येतो आणि राखही जास्त निघते. रिपोर्ट खोटा आहे का? (डेअरी, कोल्हापूर)

खोटा असेलच असे नाही. आकडा कशावर काढला ते पाहा. 4,200 हा आकडा पूर्ण वाळवलेल्या नमुन्याचा असेल आणि तुमच्या मालात 10 टक्के ओलावा असेल, तर किलोमागे मुळातच 3,780 उरतात. ते पाणी उडवायला आणखी सुमारे 60 किलोकॅलरी लागतात. ओलावा 15 टक्क्यांवर गेला तर उरतात 3,570, आणि पाणी उडवायला जवळपास 90. म्हणून रिपोर्ट ‘जसा आला तसा’ या आधारावर मागा, आणि प्रत्येक गाडीचा ओलावा स्वतः मोजा.

राखेचेही तसेच. बायोमासची राख 550 अंशांना काढायची असते. कोळशाच्या भारतीय मानकात ते तापमान 815 अंश आहे. प्रयोगशाळेने सवयीने कोळशाची पद्धत वापरली, तर कार्बोनेट फुटून आणि काही पोटॅशियम उडून राख कमी दिसते. नमुना देतानाच 550 अंशांची चाचणी हवी असे लिहून द्या. नमुना पुरवठादाराने आणलेला नको. गाडीतल्या वेगवेगळ्या दहा पोत्यांतून काढून, मिसळून, त्यातला किलोभर पाठवा.

हॉपर (पेलेट भरायची टाकी) अर्धा भरलेला असताना स्टोव्ह विझतो. हाताने पेलेट हलवली की पुन्हा चालू होतो. ऑगरची मोटर गेली का? (ग्रँड रॅपिड्स, मिशिगन)

हलवल्यावर चालू होतो, याचाच अर्थ मोटर ठीक आहे. हॉपरमध्ये पेलेटची कमान धरते आणि ऑगरच्या तोंडाशी पोकळी होते. कारणे दोन : फार लांब पेलेट किंवा फार चुरा. हॉपर रिकामा करून तळाचा चुरा व्हॅक्यूमने ओढा. नव्या पिशवीतली पेलेट एक अष्टमांश इंचाच्या जाळीवर चाळा. 40 पौंडांच्या पिशवीत 90 ग्रॅम चुरा म्हणजे अर्धा टक्का, तिथवर ठीक. त्याच्या दुप्पट-तिप्पट निघाला तर माल परत करा. पिशव्या आपटून उतरवल्या असतील तर मात्र दोष कारखान्याचा नाही.

चुऱ्याचा आणखी एक त्रास असतो. ऑगर वजनाने नाही, आकारमानाने जळण टाकतो. आखूड पेलेट आणि चुरा दाटीने बसतात, त्यामुळे एका फेऱ्यात जास्त जळण पडते. लांब पेलेट विरळ बसतात, कमी पडते. ब्रँड बदलल्यावर ज्योत बदलते ती कित्येकदा याच कारणाने. अशा वेळी फीड ट्रिम (जळण पडण्याचे प्रमाण) एक घर कमी-जास्त करावे, किंवा डँपर (हवेची झडप) थोडा उघडावा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही. प्रत्येक बदलानंतर अर्धा तास थांबून ज्योत पाहा.

कठीण लाकडाची पेलेट चांगली की मऊ लाकडाची?

पाइन-फरसारख्या मऊ लाकडात राळ असल्याने किलोमागे उष्णता किंचित जास्त, आणि साल काढलेली असेल तर राखही बहुधा कमी. राळेने धुराड्यात डांबर साठते ही भीती ओंडके जाळण्याच्या चुलीतून आली आहे. वाळलेल्या पेलेटला आणि ब्लोअरच्या हवेला ती लागू नाही. लाकडाची जात पाहण्यापेक्षा साल, माती आणि ओलावा पाहा. प्लायवूड-एमडीएफच्या भुशाची पेलेट मात्र घरात जाळू नका. त्यातल्या डिंकाचे घटक धुरात येतात आणि धातूही लवकर खातात.

पावसाळ्यात पेलेट फुगतात आणि पीठ होते. कितीही झाकले तरी तेच. (सावंतवाडी)

वरून झाकून भागत नाही, ओल जमिनीतून आणि भिंतीतून येते. लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, भिंतीपासून वीतभर सोडून थप्पी लावा. पोती विणलेल्या प्लास्टिकची असतील तर आत जाड पॉलिथिनची पिशवी असलेलीच घ्या. जूनच्या आधी तीन महिन्यांचा साठा करण्यापेक्षा पंधरा दिवसांचा माल फिरता ठेवा. रात्री हॉपर रिकामा करा. एकदा फुगलेली पेलेट वाळवून पूर्ववत होत नाहीत. ती सुट्या भुशासारखी, वेगळ्या चुलीत संपवा, हॉपरमध्ये नको.

किनाऱ्यावरच्या वाचकांनी एक गोष्ट अवश्य करावी : भट्टी किंवा स्टोव्ह काही आठवडे बंद राहणार असेल तर बंद करतानाच साफ करा, पुन्हा सुरू करताना नव्हे. राखेतले पोटॅशियमचे क्षार हवेतली ओल ओढतात, आणि क्लोरिन असलेल्या मालाची राख ओली झाली की पत्रा आणि स्टीलचा पाइप आतून खाते. गंज बंद काळातच चढतो.

न्यू इंग्लंडमधल्या (ईशान्य अमेरिकेतल्या) घरी हिवाळाभराची राख बागेत टाकली तर चालेल का? नाशिकला आमच्या द्राक्षबागेतही भट्टीची राख टाकायचा विचार आहे.

दोन्ही जागांना उत्तर वेगळे आहे. राखेत पोटॅश आहे, पण ती चुन्यासारखी अल्कधर्मी असते. न्यू इंग्लंडची जमीन आंबट असल्याने तिथे थोडी राख उपयोगी पडते. ब्लूबेरी आणि अझेलियाच्या बुंध्याशी मात्र नको. नाशिकच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू आधीच सात-साडेसातच्या वर असतो. त्यात राख घातली तर लोह आणि जस्त पिकाला मिळणे आणखी अवघड होते, पाने पिवळी पडतात. माती परीक्षणात सामू सातच्या आत आला तरच विचार करा. रंगवलेल्या किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाची राख कुठेच टाकू नये.

कुठेही टाकण्यापूर्वी राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, सिमेंटवर किमान तीन-चार दिवस ठेवा. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दोन दिवसांनंतरही जिवंत असू शकतो. घरच्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढू नका. निखाऱ्याने पिशवी पेटते, आणि बारीक राख फिल्टरमधून पुन्हा खोलीत येते. त्यासाठी धातूच्या टाकीचा, राखेसाठीचाच व्हॅक्यूम वापरा, तोही स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर.